अडलेला घास

रायगडाचा रोपवे १९९६ साली सुरू झाला. त्याचे खालचे स्थानक हिरकणीवाडीत आहे. पाळण्याची वाट पाहणाऱ्यांना तिथे घराघरांतून जेवण मिळते: तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा, कांदा आणि ताक. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या सहलीबरोबर मी तिथे गेलो होतो. मला शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाई बरोबर होत्या. त्या आता निवृत्त झाल्या आहेत, पण सहल म्हटली की अजूनही पिशवी भरून तयार असतात.

जेवताना दुसऱ्याच घासाला बाई थांबल्या. छातीच्या मधोमध हात ठेवून त्या उठल्या आणि अंगणाच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. मी तांब्या घेऊन धावलो. त्यांनी मानेनेच नको म्हटले. मी आग्रह केला आणि त्यांनी दोन घोट घेतले. अर्ध्या मिनिटात ते पाणी पांढऱ्या फेसासकट परत आले. मग घास आला, जसा गिळला होता जवळजवळ तसाच.

वीस मिनिटांनी त्या शांतपणे ताक पीत बसल्या होत्या. "घाबरू नकोस रे, मला सवय आहे," त्या म्हणाल्या. पाळण्याच्या रांगेत त्यांनी सगळे सांगितले. मधुमेह आणि वजन दोन्ही हाताबाहेर गेल्यामुळे २००७ साली मुंबईत त्यांच्या जठराभोवती पट्टा बसवला होता. घरच्यांखेरीज कुणाला हे माहीत नव्हते. "पोट लहान केलंय, कमी खा, एवढं सांगितलं होतं. मी घाई करते, माझीच चूक." चारचौघांत जेवणे त्यांनी जवळजवळ सोडले होते. आठवड्यातून दोन-तीनदा उलटी व्हायची. वजन मात्र पहिल्या दोन वर्षांत उतरले आणि नंतर हळूहळू परत चढले. इतके अडते, इतके उलटते, तरी वजन का वाढते, हे कोडे त्यांना सुटत नव्हते. मलाही सुटले नाही. म्हणून परतल्यावर मी या पट्ट्याचा इतिहास शोधून वाचला. कोड्याचे उत्तर त्या इतिहासातच आहे.

बाईंची समजूत चुकीची होती, पण ती त्यांच्या एकटीची नव्हती. हा पट्टा बनवणाऱ्या शस्त्रवैद्यांचीही पंचवीसेक वर्षे तीच समजूत होती.

माणूस फार खातो, तर अन्नाच्या वाटेत अडसर घालावा, ही कल्पना जुनी आहे. दहाव्या शतकात स्पेनमधल्या लिओनचा राजा सांचो इतका लठ्ठ होता की त्याला घोड्यावर बसता येईना, आणि ९५८ साली सरदारांनी त्याचे राज्य काढून घेतले. त्याची आजी, राणी तोदा, त्याला कोर्दोव्याला घेऊन गेली. तिथे खलिफाच्या दरबारातील ज्यू वैद्य हसदाय इब्न शप्रूत याने त्याला बारीक केले आणि सांचोला गादी परत मिळाली. त्याचे ओठ शिवून त्याला फक्त पातळ पदार्थ दिले, अशी दंतकथा आहे. ती खरी मानायचे कारण नाही. पण १९७० च्या दशकात पाश्चात्त्य डॉक्टरांनी याच्याशी मिळतीजुळती गोष्ट खरोखर केली. लठ्ठ रुग्णांचे वरचे-खालचे दात तारेने एकमेकांना बांधून त्यांना काही महिने द्रव आहारावर ठेवले. वजन उतरले, तारा काढल्या आणि बहुतेकांचे वजन परत आले.

त्याआधी आतड्यांचा प्रयोग झाला होता. १९५४ साली अमेरिकेतील मिनेसोटात आर्नोल्ड क्रेमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळून अन्नाला आडवाट काढून दिली. पुढच्या दोन दशकांत अशा हजारो शस्त्रक्रिया झाल्या. माणसे बारीक झाली, पण सततचे जुलाब, मुतखडे आणि कित्येकांच्या यकृताचा नाश ही त्याची किंमत होती. १९८० च्या सुमारास ही पद्धत मागे पडली.

जठराकडे लक्ष गेले ते एका वेगळ्याच निरीक्षणामुळे. १८८१ साली २९ जानेवारीला व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी कर्करोग झालेल्या एका स्त्रीच्या जठराचा भाग यशस्वीपणे कापून काढला. पुढे पोटातल्या व्रणासाठीही, म्हणजे अल्सरसाठी, जठराचा मोठा भाग काढण्याची पद्धत रूढ झाली. या रुग्णांना पोटभर जेवता येत नसे आणि काही केल्या त्यांचे वजन वाढत नसे. आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांनी याकडे उलट्या बाजूने पाहिले. जो व्रणाच्या रुग्णाचा त्रास आहे तोच अतिस्थूल माणसाचा उपाय का होऊ नये? १९६६ साली त्यांनी आणि चिकाशी इटो यांनी जठराचा वरचा लहान भाग वेगळा करून तो थेट आतड्याला जोडला. विज्ञानात एकाची व्याधी दुसऱ्याचे औषध होण्याची उदाहरणे बरीच आहेत. त्यातले हे एक, आणि पुढच्या गोंधळाचे मूळही यातच आहे. खाण्याचा त्रास हाच उपाय, असे समीकरण इथे डॉक्टरांच्या मनात बसले.

कापाकापी न करता जठराला नुसता पट्टा बांधला तर? १९७८ साली न्यू मेक्सिकोतील लॉरेन्स विल्किन्सन यांनी हर्नियासाठी वापरतात तसल्या जाळीची दोन सेंटिमीटर रुंद पट्टी जठराच्या वरच्या भागाभोवती गुंडाळली. पट्टीच्या वर एक छोटी पिशवी, खाली उरलेले जठर आणि मध्ये अरुंद वाट. वाळूच्या घड्याळाचा आकार डोळ्यांपुढे आणा. कल्पना सुटसुटीत होती. पण जाळी आजूबाजूच्या उतींना चिकटे, व्रण धरे, वाट आणखी अरुंद होई आणि रुग्ण ओकत राही. एकदा बांधलेली पट्टी सैल करायची तर पोट पुन्हा उघडावे लागे. दुसऱ्या कापडांनीही फार फरक पडला नाही.

ही अडचण ओळखली न्यू जर्सीतील लुबोमिर कुझमाक यांनी. १९८३ पासून ते सिलिकोनचा पट्टा वापरू लागले, कारण सिलिकोन उतींना फारसे चिकटत नाही. १९८६ साली त्यांनी पट्ट्याच्या आतल्या अंगाला एक फुगा बसवला. फुग्यातून निघालेली बारीक नळी पोटाच्या कातडीखाली ठेवलेल्या एका छोट्या डबीला जोडलेली. कातडीतून सुई घालून डबीत मिठाचे निर्जंतुक पाणी भरले की फुगा फुगतो आणि वाट अरुंद होते. पाणी काढले की वाट रुंद होते. स्वीडनमध्ये हालबर्ग आणि फोर्सेल यांनी १९८५ च्या सुमारास स्वतंत्रपणे असाच पट्टा तयार केला होता. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत शहाणपणाची वस्तू म्हणजे ही डबी. माणसाची भूक, वय, आजारपण, गरोदरपण बदलत असते, त्याप्रमाणे पट्टाही बदलता आला पाहिजे, हे तिच्यात गृहीत धरलेले आहे.

मग आली दुर्बिणीची शस्त्रक्रिया. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उदवाडिया १९७२ पासून पोटात दुर्बीण घालून निदान करीत होते. १९९० साली त्यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढले. विकसनशील देशांतली ही पहिली अशी शस्त्रक्रिया मानली जाते. तिकडे बेल्जियममधील वी या गावी, इथिओपियात जन्मलेले शस्त्रवैद्य मितिकु बेलाचू यांनी १ सप्टेंबर १९९३ रोजी कुझमाक यांच्या पट्ट्याचा सुधारलेला प्रकार दुर्बिणीतून बसवला. चार-पाच लहान छिद्रे, काहीही कापायचे नाही आणि नको असेल तर काढता येईल असा पट्टा. युरोप आणि ऑस्ट्रेलियात तो झपाट्याने पसरला. अमेरिकेत २००१ साली परवानगी मिळाली. या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांतही तो बसवला जात होता.

इथे एक आडवळण घेतो. आपल्याकडे शस्त्रक्रियेचा विचार युरोप-अमेरिकेपेक्षा सुमारे अडीच अंकांनी कमी भारांकालाच होऊ लागला. (भारांक म्हणजे किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग.) त्याचे कारण समजायला पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम पाहावे लागते. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी स्वतःचे आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापले. दोघांचाही भारांक २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वर्गात भारांक शिकवताना या दोन आकड्यांइतके चांगले उदाहरण मला माहीत नाही.

आता बाईंच्या कोड्याकडे येऊ.

पट्ट्याच्या वरची पिशवी सुमारे १५ ते २५ मिलिलिटरची, म्हणजे तीन ते पाच चहाचे चमचे. मोठ्या माणसाच्या जठरात जेवताना एक लिटर किंवा त्याहून अधिक अन्न सहज मावते. सुरुवातीचा तर्क असा की ही छोटी वाटी भरली की माणूस थांबेल, आणि वाट जितकी अरुंद तितकी वाटी उशिरा रिकामी होईल. म्हणजे पट्टा घट्ट तेवढा चांगला. बाईंना सांगितलेले "पोट लहान केलंय" हे वाक्य इथून आले.

या तर्काला पहिला धक्का पट्ट्याच्या चुलतभावाने दिला. मेसन यांनी १९८० नंतर जठराला टाके घालून एक उभी पिशवी करण्याची आणि तिच्या तोंडाशी न फुगणारी पट्टी बांधण्याची पद्धत काढली होती. अमेरिकेतील हार्वी शुगरमन यांनी १९८७ साली या पद्धतीची जठर-आडवाटेशी तुलना करून दाखवले की गोड खाणाऱ्यांना पिशवी-पट्टीचा फायदा फारच कमी होतो. कारण उघड आहे. आइस्क्रीम, सरबत, दाट गोड दूध अरुंद वाटेतून सरळ उतरते.

हिरकणीवाडीत बसून हे सांगायला गोष्ट शोधावी लागत नाही. गडावर दूध घालायला गेलेली हिरकणी, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, घरी भुकेलेले तान्हे मूल आणि अंधारात उतरलेला तो कडा. ही कथा चौथीतल्या मुलालाही येते. दरवाजा कितीही मजबूत असला तरी तो दरवाजातून जाणाऱ्यालाच अडवतो. पट्टा भाकरीला अडवतो. बासुंदीला त्याचा पत्ताही लागत नाही.

पण इथेच थांबलो तर आपण पुन्हा रुग्णाला दोष देऊ: गोड खाल्ले, म्हणून वजन वाढले. मेलबर्नमध्ये पॉल ओब्रायन आणि त्यांचे सहकारी १९९४ पासून हजारो रुग्णांच्या नोंदी ठेवत आले होते. २००२ साली त्यांनी दाखवले की फुगवता येणाऱ्या पट्ट्याच्या बाबतीत आधी गोड खाणाऱ्या आणि न खाणाऱ्यांचे वजन सारखेच उतरते. म्हणजे सवय तेवढी महत्त्वाची नव्हती. पट्टा किती घट्ट आहे आणि रुग्ण वरचेवर तपासला जातो का, याला महत्त्व होते.

त्याच गटातील पॉल बर्टन आणि वेंडी ब्राउन यांनी पुढे अन्ननलिकेत दाब मोजणारी नळी घालून घास पट्ट्यातून कसा जातो ते पाहिले. बाई आम्हाला हे पायमोजा आणि चेंडू घेऊन शिकवत. मोज्यात चेंडू घालायचा आणि चेंडूच्या मागे मूठ आवळत त्याला पुढे सरकवायचे. हे झाले क्रमाकुंचन. आता मोज्याच्या मधोमध एक रबर चढवा. नीट चावलेला छोटा घास एका लाटेत पलीकडे जात नाही. थोडा जातो, उरलेला मागे येतो, पुन्हा लाट येते. अशा चार-पाच लाटांनी तो पार होतो आणि याला मिनिटभर लागू शकते. पट्टा योग्य बसलेला असेल तर वरच्या पिशवीत अन्न साठूनच राहत नाही. ते घासाघासाने पुढे जाते, आणि दर लाटेला जठराच्या वरच्या भागातील चेतातंतूंवर दाब पडून मेंदूला 'पुरे' असा निरोप जातो. भूक शमते ती या निरोपाने. वाटी भरल्यामुळे माणूस थांबतो, हा मूळचा तर्कच चुकीचा होता.

एवढे कळल्यावर सगळे चित्र पालटते. पहिला घास पार होण्याआधी दुसरा घेतला तर तो पहिल्यावर बसतो. तिसरा त्यावर. अन्ननलिका ताणली जाते, छातीत दुखते, लाळ आणि फेस साचतो आणि शेवटी सगळे उलट येते. वरून पाणी प्यायले तर तेही साचते. हिरकणीवाडीत मी नेमके तेच केले. पट्टा फार घट्ट असेल तर माणूस कितीही सावकाश जेवला तरी हेच होणार. मग तो काय करतो? जे उतरते ते खातो. बाईंचा रोजचा आहार मी विचारला तेव्हा तो असा निघाला: सकाळी बिस्किटे चहात बुडवून, दुपारी मऊ भात आणि साखर घातलेले दही, संध्याकाळी केळ्याचे शिकरण, रात्री पेज किंवा खीर. भाकरी, उसळ, कोशिंबीर, मासळी सुटलेली. जे सुटले त्याने पोट भरल्याची जाणीव होते, आणि जे राहिले ते भराभर खाली उतरून तासाभरात पुन्हा भूक लावते. पट्टा जास्त आवळल्यामुळेच वजन वाढत होते. त्यांचे अडणे आणि त्यांचे वजन ही एकाच कारणाची दोन टोके होती.

मेलबर्नच्या डॉक्टरांनी रुग्णांसाठी तीन रंगांचा तक्ता केला होता. पिवळा: भूक लागते, मोठे घास जातात, पट्टा सैल आहे. हिरवा: थोडक्यात समाधान होते. लाल: अडते, उलटते, रात्री आडवे झाल्यावर खोकला येतो, पट्टा घट्ट आहे. बाई दहा-बारा वर्षे लाल रंगात होत्या आणि तो पट्टा काम करीत असल्याचा पुरावा समजत होत्या.

जेवणाविषयी आज जे सांगितले जाते ते यातूनच निघते. घास हरभऱ्याएवढा घ्यावा, त्याचा लगदा होईपर्यंत चावावा, गिळल्यावर मिनिटभर थांबावे, वीस-पंचवीस मिनिटांत जेवण संपवावे आणि पोट भरल्याची पहिली खूण मिळताच उठावे. पाणी जेवणाबरोबर घेऊ नये. मऊ पाव आणि ताजी पोळी जास्त अडते, कारण गव्हातील ग्लुटेनमुळे तिचा चिकट गोळा होतो. कडक भाजलेला पाव त्या मानाने बरा. तांदळाच्या आणि नाचणीच्या भाकरीत ग्लुटेन नसते, पण कोरडी भाकरी नीट चावली नाही तर तुकडा तुकडाच राहतो. आपल्याकडे दात नसलेली म्हातारी माणसे भाकरी ताकात कुस्करून खातात, ती युक्ती अडचणीच्या दिवसांपुरती चांगली आहे. ती रोजची झाली तर मात्र पट्टा तपासून घ्यायची वेळ आली असे समजावे.

दोन गोष्टी थोड्या गंभीरपणे सांगतो, कारण महाड-पोलादपूरच्या गावांतून मुंबई दीडशे किलोमीटरच्याही पलीकडे आहे आणि पहिला उपचार स्थानिक डॉक्टरच करणार. थुंकीसुद्धा गिळता येत नसेल, किंवा पोटात एकसारखे दुखत असेल, तर पट्टा सरकलेला असू शकतो. तेव्हा 'उद्या पाहू' म्हणू नये. डबीतले पाणी त्याच दिवशी काढायला हवे. दुसरी गोष्ट ब-१ जीवनसत्त्वाची. जावा बेटावर १८९० च्या दशकात आइकमन यांनी सडीच्या तांदळावर कोंबड्या ठेवून जी लक्षणे पाहिली, ती आठवा. या जीवनसत्त्वाचा शरीरातील साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. सतत उलट्या होणाऱ्याला तोल जाणे, दुहेरी दिसणे, गोंधळल्यासारखे होणे अशी लक्षणे दिसली तर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. अशा वेळी ब-१ न देता नुसते ग्लुकोजचे सलाइन लावले तर प्रकृती आणखी बिघडू शकते.

पट्ट्याचा काळ आता बराचसा सरला आहे. ब्रसेल्सच्या जाक हिम्पेन्स यांनी २०११ साली बारा वर्षांहून अधिक काळाच्या नोंदी छापल्या, तेव्हा तपासलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचा पट्टा काढावा लागला होता असे दिसले. आता जठराचा मोठा भाग उभा कापून नळीसारखे जठर ठेवण्याची शस्त्रक्रिया अधिक होते. १९९९ साली जपानच्या कोजिमा आणि कांगावा यांनी शोधलेले घ्रेलिन हे भूक वाढवणारे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होते, आणि या शस्त्रक्रियेत तो भाग निघून जातो. पण बाजारातून वस्तू गेली म्हणजे पोटातून जात नाही. वीस वर्षांपूर्वी बसवलेले पट्टे आजही माणसांच्या पोटात आहेत. बसवणारे डॉक्टर निवृत्त झाले, कागदपत्रे हरवली, आणि डबीत सुई घालणारा माणूस कुठे भेटेल हे अनेकांना माहीत नाही.

बाईंना असा एक डॉक्टर पुण्यात सापडला. क्ष-किरणाखाली त्यांना पांढरे द्रव प्यायला देऊन पाहिले, तर पट्ट्याच्या वर अन्ननलिका फुगलेली दिसली. डबीतून त्याने जवळजवळ सगळे पाणी काढून घेतले. पाच मिनिटांचे काम. त्यानंतर त्याने पेलाभर पाणी पुढे केले. बाई ते घोट घोट प्यायला लागल्या, तर तो म्हणाला, "सरळ प्या." त्या प्यायल्या आणि वाट पाहत बसल्या. काहीच परत आले नाही.

दोन महिन्यांनी थोडे पाणी पुन्हा भरले, आधीच्या निम्म्याहून कमी. पट्टा ठेवायचा की काढायचा हे अजून ठरलेले नाही. अन्ननलिका पूर्ववत होते का त्यावर ते ठरेल. मध्यंतरी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. पानात अर्धी भाकरी, मटकीची उसळ आणि चमचाभर भात होता. त्यांनी समोर मनगटी घड्याळ काढून ठेवले होते. माझे जेवण केव्हाच संपले होते. त्या चौथ्या घासावर होत्या आणि मला बोलू देत नव्हत्या.